ताई, तुमचा हात थांबला म्हणून

ताई,

तुमच्याकडचं रॉल्फिंगचं, म्हणजे हातांनी सावकाश दाबून अंगाची ठेवण सुधारायच्या उपचाराचं, दहावं सेशन होऊन तीन आठवडे झाले. पत्र लिहायला चारदा बसले, चारही वेळा डोळे भरून आले आणि राहून गेलं. आज लिहितेच.

लहानपणापासून एकच ऐकलं, 'पोक काढू नकोस, ताठ बस.' बसायचे. दोन मिनिटांत खांदे परत पुढे, आणि दोष माझ्या आळसाचा. पुढे मान-पाठ धरायला लागली, तेव्हा एका तज्ज्ञांनी माझ्याकडे न बघताच पट्टा लिहून दिला. दुसऱ्या एकांनी 'सहन करा हो जरा' म्हणत इतकं रगडलं, की दोन दिवस कूस बदलता येईना. नुसतं उभं राहून दाखवा, असं कोणी म्हणालं नाही.

तुम्ही पहिलं तेच म्हणालात. मग बरगड्यांपासून सुरुवात केलीत. बोटं सावकाश आत शिरत होती आणि मी श्वास धरला. बोलले काहीच नाही, गप्प सोसायची सवयच होती. तुमचा हात तिथेच थांबला. काढला नाहीत, रेटलाही नाहीत. म्हणालात, "श्वास येऊ दे. मला घाई नाही." किती वेळ गेला कोण जाणे. मग हाताखालची आवळलेली जागा आपसूक सैल पडली आणि मला रडू फुटलं. तुम्ही नॅपकिन दिलात, विचारलं काहीच नाहीत.

मान दुखत असताना दुसऱ्या सेशनला पावलं का, हे तेव्हा कळलं नव्हतं. स्नायूंभोवतीचं फॅशियाचं जाळं तळव्यापासून डोक्यापर्यंत सलग असतं, हे तुम्ही समजावलंत. १९२० मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आयडा रॉल्फ यांनी ही दहा सेशनची रीत बसवली, तेही तुमच्याकडूनच कळलं. आणि याला शास्त्रीय पुरावा अजून तोकडा आहे, हेसुद्धा आपणहून सांगितलंत. इतका खरेपणा मला आधी कुठेच भेटला नव्हता. दुखऱ्या अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे तुमच्यासारखी जाण असती, तर कितीजणांची वर्षं वाचली असती!

काल रात्री दाराची वरची कडी लावताना हात सरळ वर गेला. कडी लागली तरी मी तशीच उभी होते, हात वर, श्वास पार पोटापर्यंत.

तुमची,
गप्प सोसणारी