चित्रकारांना बोलवा, पण आधी धाबे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशातल्या एखाद्या खेड्यात जुना वाडा घेऊन तिथे चित्रकारांसाठी निवास सुरू करावा, अशी सूचना आपल्या पत्रांच्या सदरात आली आणि तिला फ्रान्समधल्या सँ-सिर्क-लापोपी या गावाचा दाखला जोडला गेला. सूचना चांगली आहे. दाखला मात्र अर्धाच दिला गेला, आणि वाड्याच्या तब्येतीबद्दल तर कोणी अवाक्षर काढले नाही.

लोत नदीवरच्या कड्यावर वसलेले हे दोनेकशे वस्तीचे गाव. स्वप्ने आणि अबोध मन कलेत आणणाऱ्या अतिवास्तववादाचा (सरिअलिझम) म्होरक्या आंद्रे ब्रतों १९५० मध्ये तिथे पोचला, दुसऱ्या वर्षी घर घेतले आणि १९६६ मध्ये मरेपर्यंत उन्हाळे तिथेच काढले. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण चित्रकार आज जिथे राहायला येतात ती वास्तू ब्रतोंची नव्हे, पिएर दॉरा या कॅटलान चित्रकाराची. गंमत अशी की, दॉरा ज्या गटाच्या संस्थापकांपैकी एक, तो अमूर्त चित्रकारांचा 'वर्तुळ आणि चौकोन' गट अतिवास्तववाद्यांना शह द्यायलाच निघाला होता. घर दॉराच्या मुलीने तिथल्या प्रांतिक सरकारला दिले आणि निवास चालवते ते जवळच्या काजार्क गावचे कलाकेंद्र. वसंतात चित्रकार येऊन काम करतात, उन्हाळ्यात ते काम खोऱ्यातल्या गावागावांत मांडले जाते. म्हणजे नाव एकाचे, घर दुसऱ्याचे आणि रोजची उस्तवार तिसऱ्याची. आपल्याकडची सगळी चर्चा पहिल्यावरच अडली आहे.

त्या नावासाठी कलामहर्षी केकी मूस यांना वेठीला धरू नये, हेही इथेच सांगतो. चाळीसगावच्या घरात राहून टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि छायाचित्रात त्यांचा अख्खा देखावा करायचा, हे त्यांचे काम थक्क करणारे आहे. पण त्यांनी स्वतःला अतिवास्तववादी म्हणवले नाही. पाटीवर ते बिरूद लावून पाहुणे जमतील, अभ्यासक हसतील.

आता घर. आपल्याकडचा जुना वाडा म्हणजे बहुधा धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा. सागवानी तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर किलचे (लाकडाच्या बारीक फळ्या), मग कडुनिंबाचा पाला किंवा तुराट्या, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती गावठाणातलीच लागते. शेतातली काळी टाकली तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पुढच्या सरीला भेगेतून पाणी थेट किलच्यावर उतरते. दरवर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवा थर पसरून चोपावा लागतो आणि उतार पन्हळाकडे राखावा लागतो. वाडा पाचदहा वर्षे बंद असेल तर हे झालेले नसते. अशा वेळी तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी तपासावे. सुया मारून बघावे; सुई बोटभर आत गेली तर टोक कुजले आहे, मधली तुळई कितीही टणक वाजो.

दुरुस्तीत दोन चुका हटकून होतात. पहिली, धाब्यावर सिमेंटचा कोबा. वजन वाढते, तुळई वाकते, कोब्याला तडा जातो आणि मग गळती नेमकी कुठून ते सापडत नाही. दुसरी, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, लोणा धरतो आणि दोन पावसाळ्यांत गिलावा ढलपीने सुटतो. माती, भुसा आणि थोडा चुना यांचाच गिलावा करावा. धाब्याच्या वर दीडेक फूट मोकळी जागा सोडून पत्र्याचे छप्पर घातले, तर पाऊसही अडतो आणि ऊनही. दिसायला शोभत नाही, पण टिकते. उजेडासाठी धाब्यात सानं (उजेडाचे भोक) असतेच. त्यावर उत्तरेकडे तोंड करून काचेची पेटी बसवली की दिवसभर एकसारखा प्रकाश मिळतो. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून चित्रे टांगायला तुळईखालून लाकडी पट्टी फिरवावी.

पण धाब्यापेक्षा अवघड आहे ती भाऊबंदकी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर (घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर) एक नाव दिसते आणि वारस निघतात नऊ, त्यातले चार सुरतेला. त्यांपैकी एकाचीही सही राहिली, तर दुरुस्ती संपल्यावर तोच कुलूप घेऊन येतो. अकरा महिन्यांच्या करारावर धाब्याचा खर्च करणे हा वेडेपणा. निदान दहा वर्षांचा भाडेपट्टा हवा, नोंदणी केलेला, सर्व वारसांच्या सह्यांचा, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कसा वळता होईल हे त्यातच लिहिलेले.

चित्रकार इथे येऊन काय करणार, याचे उत्तर रावेर-यावलच्या बांधांवर पडलेले आहे. घड कापला की केळीचे खोड फेकले जाते. त्याचा कागद होतो, आणि निवासाबरोबर गावातल्या बायकांना एक कामही मिळू शकते. खोड ताजे असतानाच सोपटे (खोडाचे थर) सुटी करून यंत्रातून धागा काढावा. शिळ्या खोडाचा धागा तपकिरी पडतो. शंभर किलो खोडातून सुका धागा जेमतेम किलो-दीड किलो निघतो, तेव्हा हिशेब करतानाच हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. धाग्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. लांब ठेवले तर हौदात गुंता होऊन कागदावर गाठी येतात. किलोभर सुक्या धाग्याला दीडशे-दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळायचे, धागा चिमटीत सहज तुटेपर्यंत. मग धुणे. इथेच बहुतेक जण घाई करतात. बोटांना बुळबुळीत लागायचे थांबेपर्यंत पाणी बदलत राहिले पाहिजे, नाहीतर कागद वर्षभरात पिवळा पडतो. नंतर कुटून लगदा करायचा, जाळीच्या चौकटीने ताव उचलायचा, जुन्या सुती कापडावर उलटायचा, थर रचून दाबायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात टाकलेल्या तावाच्या कडा वळतात. असा कच्चा कागद जलरंग टिपकागदासारखा पिऊन टाकतो. जलरंगासाठी त्याला सरसाचे (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या चिकटीचे) पातळ पाणी द्यावे. कोळशाला तसाच चालतो.

सरस कॅनव्हासलाही लागतो. मांजरपाट ताणून त्याला एक भाग सरस आणि दहा-बारा भाग पाणी असे अस्तर द्यायचे. सरस रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून कोमट करावा. उकळला की त्याची पकड जाते. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी ठेवाव्यात, कारण आपल्या कोरड्या हवेत सरस आकसतो, कापड ढोलासारखे ताणते आणि ठोकून पक्की केलेली चौकट पिळवटते. बोअरचे जड पाणी जलरंगात वापरू नये, वाळल्यावर पांढरट डाग उमटतात. त्यासाठी पाण्याचा जार आणावा.

पातळ केळीकागद ठशांसाठीही उत्तम. चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये फळ्यांच्या जमिनीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि अतिवास्तववाद्यांना एक नवे तंत्र दिले. वाड्याचे दार, नक्षीचा खांब, जुनी पेटी, यांवर हे खुशाल करावे. लेण्यांत मुळीच नको. पाटण्याच्या बाजूचे पितळखोरे जवळ, अजिंठा जवळ, म्हणून निवासाच्या जाहिरातीत लेणी येणारच. नियमही तिथेच छापावा. खुद्द ब्रतोंने १९५२ मध्ये सँ-सिर्कजवळच्या पेश-मेर्ल गुहेतले प्रागैतिहासिक चित्र खरे की खोटे ते पाहायला बोट घासले, रंग पुसला गेला, खटला होऊन दंड भरावा लागला. अजिंठ्यात तर भले करायला आलेल्यांनीच घोटाळा केला. निजामाने १९२०च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढवले, ते पुढे पिवळे पडले, आणि ते उतरवण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या गळ्यात आले.

विजेचे थोडक्यात: गावठाणात बहुधा एकफेजी जोडणी असते, तिच्यावर विजेची मोठी भट्टी चालत नाही. मातीकाम करणाऱ्याने कुंभाराच्या आव्यात भाजावे आणि त्याचे पैसे द्यावेत.

प्रत्येक चित्रकाराने एक चित्र गावाला ठेवावे, अशीही अट सुचवली जाते. ती नको. सांभाळायला जागा नाही, माणूस नाही. तीन वर्षांत वाळवी आणि बुरशी मिळून त्या संग्रहाचा निकाल लावतात. त्याऐवजी काम संपल्यावर चार दिवस शाळेत किंवा चावडीवर मांडावे. तेही संध्याकाळी, कारण चित्रकारांसाठी योग्य महिने दिवाळी ते महाशिवरात्र, आणि निम्म्याहून अधिक काळ गाव कापूस वेचायला गेलेले असते. मे महिन्यात ४५ अंशांत पाहुण्यांना बोलावणे म्हणजे त्यांना घालवण्याचीच सोय.

तेव्हा यंदाच्या दिवाळीआधी वारसांच्या सह्या, पुढच्या मृगापूर्वी धाबे, आणि त्या पावसात गळते कुठे हे पाहिल्यावरच आमंत्रणे. पहिल्या वर्षी तीनच चित्रकार बोलवावेत. एका न्हाणीघराला त्याहून जास्त झेपत नाहीत.

आपले,
दोन कलाशिक्षक आणि एक गवंडी
ता. चाळीसगाव, जि. जळगाव