मारहाणीच्या नोंदीसाठी मदत हवी : नागरिक समितीचे आवाहन

उपजिल्हा रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली की पोलिसांना कळते. पण पुष्कळजण ‘जिन्यावरून पडलो’ सांगून टाके घालून घेतात आणि घरी जातात. एमएलसीतही घटनास्थळ म्हणून नुसते ‘बाजारपेठ’ लिहिलेले असते. एवढ्यावरून रात्रीची गस्त कुठे घालायची, हे कोण ठरवणार?

वेल्समधील कार्डिफ शहरात जबड्याचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी यावर साधी पद्धत बसवली. केसपेपर काढतानाच खिडकीवरचा कर्मचारी नेमकी जागा, वार-वेळ आणि कशाने मारले, हे विचारतो. नावे गाळून ही माहिती पोलीस आणि नगर परिषदेकडे जाते. त्यानुसार गस्त आणि दारूच्या गुत्त्यांवरची नजर ठरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही पद्धत नसलेल्या तशाच १४ शहरांच्या तुलनेत मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. किरकोळ मारामारीच्या पोलीस नोंदी मात्र वाढल्या. आधी त्या बहुधा पोलिसांपर्यंत पोचतच नव्हत्या.

आपल्याकडे हीच माहिती एका चिठ्ठीवर लिहायची आहे. ही चिठ्ठी एमएलसीच्या जोडीला राहील, तिच्या जागी नाही. चिठ्ठीवर नाव, वय, मोबाइल काहीच नसेल. मारहाण घरात झाली असेल तर फक्त ‘घरी’ एवढेच लिहायचे. बाईसोबत नवरा किंवा सासरचे कोणी असेल तर त्यांच्यादेखत हा प्रश्न मुळीच विचारायचा नाही. तिला आत एकटीला घेऊन सिस्टर बोलतील.

योजना बिघडते ती दोन ठिकाणी. शनिवारी रात्री गर्दी झाली की ‘माहीत नाही’वर खूण करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून तो रकानाच ठेवलेला नाही, जागा शब्दांत लिहावी लागेल, ‘एसटी स्टँडमागची पानटपरी’ इतकी नेमकी. दुसरे, चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले हे कळले नाही तर कर्मचारी भरणे सोडून देतात. म्हणून मारहाणीच्या जागा दाखवणारा दर महिन्याचा नकाशा केसपेपरच्या खिडकीमागे, कर्मचाऱ्यांना दिसेल असा लागेल.

हवे आहे ते असे : १०० पानी छापील पॅड २०, चालू स्थितीतला एक जुना संगणक, आणि आठवड्याला दोन तास देऊ शकणारे चार स्वयंसेवक. मराठी टंकलेखन यावे, गावातल्या खुणा ठाऊक असाव्यात. राजकीय पदाधिकाऱ्यांनी कृपया स्वयंसेवक म्हणून येऊ नये, देणगी चालेल. रोख रक्कम रुग्णालयात कोणाकडेही देऊ नका, समितीच्या कार्यालयात पावती घेऊनच द्या.