बाबा, माझं काम नक्की काय आहे ते सांगते

ती. आई-बाबा,

रविवारी कॉलवर बाबांनी विचारलं की हेड झालीस ते छान, पण तू शिकवत नाहीस, संशोधन करत नाहीस, मग युनिव्हर्सिटी तुला पगार देते कशाचा? तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि उत्तर राहूनच गेलं, म्हणून आज नीट लिहायला बसलेय.

बाबा, तुम्ही ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत होतात तेव्हा माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजचे, एक सर प्लँटवर यायचे, आठवतंय ना? फिल्टर सारखा चोक होत होता, मॅनेजर लोक कापड बदलून थकले होते, आणि सर ऑफिसात न बसता थेट तुमच्यापाशी आले, विचारलं कुठल्या शिफ्टला जास्त होतं. तुम्ही म्हणालात रात्रपाळीला, ते पण थंडीत. मग कळलं की रात्री कूलिंगचं पाणी जास्त गार असतं, बॅच झटकन थंड होते, स्फटिक बारीक पडतात आणि कापडाची भोकं बुजतात. थंड करायचा वेग कमी केला, प्रश्न मिटला. तर ते सर आणि तुम्ही, ह्या दोघांची गाठ घालून देणं हे माझं काम. तेव्हा ते कुणाच्या तरी ओळखीने झालं असेल, इथे ब्रिटनमध्ये त्याच्यासाठी अख्खी टीम असते, नॉलेज एक्सचेंज म्हणतात, आणि आता आमच्या युनिव्हर्सिटीची ती टीम आणि कंपन्यांबरोबरच्या सगळ्या पार्टनरशिप माझ्याकडे आल्यात.

गाठ घालून देणं ऐकायला सोपं वाटतं पण खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. कंपनीला उत्तर पुढच्या महिन्यात हवं असतं, प्रोफेसरांचा विद्यार्थी तीन वर्षं पीएचडी करणार असतो. कंपनी म्हणते कुठे काही छापायचं नाही, विद्यार्थी म्हणतो छापलं नाही तर माझ्या डिग्रीचं काय. दोघंही बरोबर असतात. मग मी मध्ये बसते, ठरवते की शोध कोणाच्या नावावर, छापायच्या आधी कंपनीने किती दिवसांत वाचून कळवायचं, आणि पेटंट करायचं असेल तर अर्ज आधी आणि कॉन्फरन्समधलं पोस्टर नंतर, कारण इथे आधी जाहीर केलंत की पेटंट हातचं गेलं. ह्याच्यासाठी २००५ पासून इथे तयार नमुना करार आहेत, लँबर्ट अॅग्रीमेंट म्हणतात, त्यामुळे दर वेळी वकिलांपुढे शून्यापासून बसावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडते ती केटीपी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप, नावाची स्कीम. १९७५ पासून चालू आहे, तेव्हा नाव वेगळं होतं. ह्यात नुकताच डिग्री झालेला मुलगा किंवा मुलगी एक ते तीन वर्षं कंपनीतच बसून एकच प्रोजेक्ट करते, मागे युनिव्हर्सिटीचे सर असतात, आणि छोटी कंपनी असेल तर साधारण एक तृतीयांश खर्च तिचा, बाकी ग्रँट. आत्ता एका छोट्या, घरच्याच लोकांनी चालवलेल्या ब्लेडच्या कारखान्यात असं काम चाललंय, हीट ट्रीटमेंटनंतर पाती वाकडी होतात त्याच्यावर. मालक आधी भेटायलाच तयार नव्हता, म्हणायचा युनिव्हर्सिटी मोठ्या कंपन्यांची. अशा माणसाच्या शॉपफ्लोअरवर जाऊन नुसतं ऐकत उभं राहणं, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे असं मी मनापासून मानते. युनिव्हर्सिटी आणि उद्योगांच्या नात्यावर इथल्या सरकारने करून घेतलेल्या २००३ च्या लँबर्ट रिपोर्टमध्येही हेच होतं, की मोठी अडचण उद्योगांकडून मागणी येण्याची आहे.

आणि बाबा, इंग्लंडमधल्या शेफिल्डला लागून ऑरग्रीव्ह म्हणून जागा आहे, १९८४ च्या कोळसा खाण संपात तिथे कामगार आणि पोलिसांची मोठी धुमश्चक्री झाली होती. आपल्या गिरणी संपानंतर दोनच वर्षांनी. गिरणगावात पुढे मॉल आणि टॉवर आले, मोठ्या मामांचे हाल आपण बघितलेत. ऑरग्रीव्हच्या जमिनीवर आता शेफिल्ड युनिव्हर्सिटीचं एएमआरसी, म्हणजे कारखानदारीवरचं संशोधन केंद्र, आहे, २००१ ला बोइंगबरोबर सुरू झालेलं, तिथे संशोधक आणि कंपन्यांची माणसं एकाच ठिकाणी मशीनवर काम करतात, अप्रेंटिसही शिकतात. गेलेल्या नोकऱ्या सगळ्यांना परत मिळाल्या असं मुळीच नाही, पण जमिनीचा काही भाग तरी कामाचाच राहिला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गिरणगाव आठवून गलबलून आलं होतं.

आता मुद्द्याचं. संजूदादाचं रबाळ्याचं पावडर कोटिंगचं युनिट, पावसाळ्यात कोटिंग सुटतं आणि माल परत येतो म्हणून तो वैतागलाय असं आई म्हणाली. त्याला सांगा नुसती पावडरची कंपनी बदलू नकोस, बहुतेक धुतल्यानंतर आणि कोटिंगच्या आधी दमट हवेत पार्टवर बारीक गंज धरत असणार, पण हे मोजून बघायला हवं. ऐरोलीतच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट हवेच असतात, जाऊन एचओडींना भेट म्हणावं. जाताना सुटलेले पार्ट, चांगले पार्ट, कुठल्या दिवशी कुठल्या शिफ्टला झाले त्याची वही, सगळं घेऊन जा, आणि ओव्हनवर जो पोरगा उभा असतो त्याला बरोबर ने, मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. एक पानाचा करार आधीच कर, मी मराठीत लिहून देते. मुलांना जायचा-यायचा खर्च आणि थोडं मानधन दे, फुकट राबवू नकोस.

बाबा, तुम्ही पण जा त्याच्याबरोबर. शनिवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, तोवर त्याला सुटलेल्या पार्टचे जवळून काढलेले फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
मनू