आमच्या मुलांच्या ताटामागील हातांचे आभार

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या शाळेत दुपारचे जेवण मिळते ते शासनाच्या पोषण आहार योजनेतून. परंतु पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हा निकष कागदावरून ताटात उतरतो, तो एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या ताईंमुळे. मुले पालेभाजी बाजूला काढतात हे ओळखून त्या मेथी अगदी बारीक चिरून डाळीतच शिजवतात, आणि मानधन लांबले तरी (ते लांबू नये, असे आम्हांला मनापासून वाटते) चूल थांबू देत नाहीत. हंगामात संत्र्यांची पेटी फाटकाशी ठेवून नाव न सांगता निघून जाणारे गृहस्थही आम्ही विसरलेलो नाही. आपणा सर्वांचे आम्हां पालकांच्या वतीने मनःपूर्वक आभार.