पाटीवर धान्याचा महिनाही लिहा

महोदय,

कास-महाबळेश्वरच्या वाटेवर ‘गावरान थाळी’च्या पाट्या जागोजागी दिसतात. पण भाकरी कुठल्या धान्याची, पीठ कधी दळलेले, हे कुणी लिहीत नाही. डोंगरातले धान्य पर्यटकाला विकायचे कसे, हे जपानच्या सोबाकडून शिकता येईल.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. उत्तर भारतात उपवासाला चालतो तोच हा कुट्टू. थंड डोंगराळ मुलखात, जिथे भाताचे खरे नसते, तिथे तो अडीच महिन्यांत हाती येतो. प्रत्येक भागाची तऱ्हा वेगळी. नागानोतल्या तोगाकुशीत शेवयांच्या लहान लहान जुड्या वळून बांबूच्या चाळणीवर मांडतात. इझुमोत टरफलासकट दळल्याने रंग काळसर, आणि वाढणी एकावर एक रचलेल्या गोल डब्यांतून. फुकुईत वर किसलेला मुळा. नीगातात तर पीठ बांधून राहावे म्हणून समुद्री शेवाळ घालतात. शरदात नवे पीक आले की दुकानांवर ‘नवा सोबा’ची पाटी लागते आणि गिऱ्हाईक तेवढ्यासाठी वाट वाकडी करते.

कुट्टूत ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारा चिकट घटक, नाही, म्हणून ८० टक्के कुट्टूला २० टक्के गव्हाचे पीठ घेतात. अर्ध्या किलो पिठाला साधारण पाव लिटर पाणी, तेही थोडे थोडे शिंपडत, बोटांनी फिरवत. एकदम ओतले की गोळ्या होतात आणि शेवया उकळताना तुटतात. पातेले मोठे हवे. पाणी कमी पडले तर ते गार होते आणि चिकट लगदा बनतो. मिनिट-दीड मिनिटात उपसून गार पाण्यात चोळून धुतात, म्हणजे वरचा चिकटा जातो. ताजे दळलेले, ताजे मळून कापलेले, ताजे उकडलेले, असा तिथला दंडकच आहे. (कुट्टूची अॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून जपानात पाकिटावर तशी नोंद सक्तीची आहे.)

हे आपल्या घरांत नवे नाही. पीठ जुने झाले की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि मग उकळत्या पाण्याची उकड घ्यावी लागते, हे माण-खटावच्या कुठल्याही घरात ठाऊक आहे. हॉटेलात मात्र महिन्याचे पीठ एकदम भरतात आणि भाकरी मोडली की दोष थापणारीच्या हाताला!

हॉटेलवाल्यांनी जवळच्या गिरणीतून आठ दिवसांपुरतेच पीठ आणावे आणि दळल्याची तारीख फळ्यावर लिहावी. जावळी-पाटणची नवी नाचणी दिवाळीच्या सुमारास, हुरडा पौषात, नवा शाळू होळीच्या आसपास, तशी थाळी बदलावी. कासची फुले भाद्रपदात असतात आणि तेव्हा नाचणी अजून शेतातच उभी असते. त्या दिवसांत भाकरी गेल्या वर्षीच्या धान्याची आहे हे सरळ सांगावे आणि ताटात मक्याचे कणीस, काकडी, अळू वाढावे.

– एक वाचक, सातारा