कड्यावरची भीती आणि शाळांची साहस शिबिरे

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की अमरावती आणि अकोला भागातील शाळांच्या सहली व साहस शिबिरे चिखलदऱ्याकडे वळतात, आणि अलीकडे त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) व प्रस्तरारोहण हे विषय ठळक अक्षरांत दिसू लागले आहेत. खेड्यांतील मुलांना कातळाची ओळख होते ही आनंदाची गोष्ट आहे. अचलपूर तालुक्यातील एका गावात शिक्षक म्हणून काम करताना मी स्वतः अशा शिबिरांसाठी पालकांची मने वळवली आहेत. मात्र दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि हेल्मेट यांची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी मुलांच्या मनातील भीतीची घेतली जात नाही, म्हणून हे पत्र.

कड्याच्या कडेला पाय अडलेल्या मुलाला आपल्याकडे हमखास ऐकावे लागते, "भेतं काय बे, पोरी पाहून रायल्या ना!" एका शिबिरात रडत असलेल्या आठवीतल्या मुलाला याच शब्दांनी गप्प करून खाली सोडलेले मी पाहिले आहे. तो सुखरूप उतरला, टाळ्याही झाल्या. पण पुढच्या सहलीला त्याने नाव दिले नाही. भीतीत लाज मिसळली की मूल भीती लपवायला शिकते, आणि भीती लपवणारे मूल हार्नेसचा पट्टा सैल वाटत असला तरी प्रशिक्षकाला ते सांगत नाही. मला यातला हा धोका सर्वांत मोठा वाटतो.

भीती वाटली म्हणजे शरीरात काय घडते, हे मुलांना आधी जमिनीवरच समजावून सांगता येते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास छातीतच अडकतो आणि बोटे गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने कातळ आवळतात. त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फुगून टणक होतात आणि काही मिनिटांतच पकड सुटू लागते. मागच्या हिवाळ्यात एका मुलीला जाणत्या प्रशिक्षकाने यातून बाहेर काढले, ते मी जवळून पाहिले. तिची टाच वर उचललेली होती, सगळा भार चवड्यावर आल्याने पोटरी थरथरत होती आणि नजर खाली दरीत गेली होती. प्रशिक्षकाने आवाज न चढवता तिला टाच खाली घ्यायला, हात सरळ सोडून भार पायांवर टाकायला आणि तोंडाने सावकाश, लांब श्वास सोडायला सांगितले. मग पुढचे पाऊल जिथे ठेवायचे त्या एवढ्याशा खाचेकडेच पाहायला सांगितले. थरथर थांबली. ती माथ्यापर्यंत गेली नाही, दोन पावले चढून उतरली, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन रांगेत पुढे उभी राहिली.

प्रत्येक भीती खोटी असते असेही मुलांना सांगू नये. गाविलगडच्या डोंगररांगेतील कातळ हा दख्खनच्या पठारासारखाच लाव्ह्याच्या थरांचा बेसाल्ट आहे. त्याला जागोजागी आडवे टप्पे असतात, गवताखाली मुरूम आणि सुटे दगड असतात, कपारींत आग्या मोहळे असतात आणि पावसाळ्यानंतर शेवाळाचा निसरडेपणा बराच काळ टिकतो. अशा ठिकाणी पडणारा माणूस दोरावर झेलला जाण्याआधी खालच्या टप्प्यावर आपटू शकतो, म्हणून तिथे वाटणारी भीती योग्यच असते आणि तिचे ऐकून मागे फिरायला हवे. याउलट वर भक्कम आधाराला बांधलेला दोर असेल, खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा साथीदार, सावध असेल आणि मध्ये आपटण्याजोगे काही नसेल, तर हात सुटला तरी चढणारा जरासा खाली येऊन लटकतो, एवढेच. हा फरक ओळखता येणे हा आत्मविश्वासाचा पाया आहे, आणि तो घोषणांनी तयार होत नाही. दोघांनी एकमेकांचा हार्नेसचा बकल, आठाची गाठ आणि कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) लॉक प्रत्येक चढाईआधी हात लावून तपासले, 'टाइट' (दोर ताण) आणि 'स्लॅक' (दोर सैल सोड) या हाकांना खालून लगेच प्रतिसाद मिळाला, की मनाला धरायला काहीतरी खरे मिळते.

पडण्याचाही सराव करावा लागतो, आणि आपल्या शिबिरांत तो जवळजवळ नसतोच. गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. तसेच मुलाला आधी डोक्याएवढ्या उंचीवर दोरावर नुसते बसू द्यावे, मग एक हात, मग दोन्ही हात सोडू द्यावेत आणि त्याची तयारी दिसेल तशी उंची वाढवावी. लीड चढाईतील, म्हणजे वरून दोर बांधलेला नसताना तो खालून सोबत नेत वाटेत अडकवत चढण्यातील, पडण्याचा सराव हा फार पुढचा टप्पा आहे. तो ताणला जाणाऱ्या डायनॅमिक दोरावर, मोकळ्या आणि टप्पे नसलेल्या भिंतीवर, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर त्यासाठी चालत नाही, कारण तो फारसा ताणला जात नाही आणि झटका थेट शरीराला बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कृत्रिम भिंतीवरच्या चढाईचा (स्पोर्ट क्लाइंबिंग) खेळ प्रथमच समाविष्ट झाला, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर पाहिले की लीड प्रकारात जगातील उत्तमोत्तम खेळाडूंच्याही बहुतेक चढाया पडूनच संपतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले, त्याचा दाखला प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनात दिला जातो, आणि विदर्भाला त्याचा अभिमान असायलाच हवा. पण त्या यशामागे अनेक महिन्यांचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण होते आणि त्या मोहिमेतील सर्वच जण शिखरावर पोहोचले नव्हते, हेही त्याच भाषणात सांगितले जावे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून आयोजकांच्या नोंदणीची अपेक्षा त्यात आहे. शाळांनी शिबिर ठरवताना नोंदणीबरोबरच प्रशिक्षकांचे शिक्षण कुठे झाले ते विचारावे, आणि कातळावर जाण्यापूर्वी निदान अर्धा दिवस गाठी, हाका व लटकण्याचा सराव यांसाठी राखून ठेवायला लावावा. पालकांकडून जे संमतिपत्र आपण भरून घेतो, त्यात "पाल्याने कोणत्याही क्षणी नकार दिल्यास त्याला चढवले किंवा उतरवले जाणार नाही, आणि त्याबद्दल बोलही लावला जाणार नाही" असे वाक्य छापावे व त्याखाली आयोजकांची सही घ्यावी, अशी माझी मुख्याध्यापकांना आणि शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक शिक्षक, ता. अचलपूर, जि. अमरावती