आईचा हात

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास की रात्री दोन-अडीचला जाग येते आन मग पहाटेपर्यंत पत्र्याकडं बघत पडून राहतो, ते काही डोक्यातून जाईना बघ. फोनवर मला बोलायला सुचलं नाही आन तूही लगेच सोयाबीनच्या भावावर विषय नेलास. म्हणून लिहितोय, लांबलं तरी नीट वाच.

सप्टेंबरच्या पुरात मांजरा नदीनं तुझी काठची जमीन खरडून नेली ते मी डोळ्यानं बघितलंय, त्याच्यावर माझ्याकडं काही इलाज नाही. पण मान आखडते, खांदे दगडासारखे होतात, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं म्हणालास ना, त्याचं सांगतो. छातीचं आधी ईसीजी काढून घे, उद्याच, त्यात चालढकल नको.

आण्णा गेले त्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता. मोंढ्यात दिवसभर कॉम्प्युटरवर हिशेबाच्या पट्ट्या काढून झालं असेल असं सगळेच म्हणायचे. हात वर करून शर्ट घालता येईना. एक्स-रे काढला, काही निघालं नाही, गोळी खाल्ली की तेवढ्यापुरतं बरं. एका मालीशवाल्यानं तर असं रगडलं की तीन दिवस अंग ठणकत होतं. मग संभाजीनगरला मेहुण्याकडं गेलो तेव्हा तो एका ताईंकडं घेऊन गेला, त्या शियात्सू करतात. जपानी शब्द आहे, शि म्हणजे बोट आन आत्सू म्हणजे दाब.

तेल नाही, कपडे काढायचे नाहीत, खाली जमिनीवर गादी. आधी सगळी विचारपूस केली, झोप कशी, पोट कसं, बीपी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. मग पोटावर नुसता तळहात ठेवून थांबल्या. नंतर पालथं झोपवलं आन मणक्याच्या दोन्ही बाजूनं, हाडावर नाही बरं का, अंगठा ठेवायच्या, मी श्वास सोडला की आपल्या अंगाचा भार हळूच त्याच्यावर टाकायच्या, पाच-सात सेकंद तसंच थांबायच्या आन मग पुढची जागा. जोर लावतच नाहीत रे! माझ्या निम्म्या वजनाची बाई, पण दाब पार आत पोचत होता.

आन दुसरा हात सगळा वेळ माझ्या कमरेवर. नुसता ठेवलेला. मला वाटलं आधारासाठी असेल, नंतर विचारलं तर म्हणाल्या, त्याला आईचा हात म्हणतात. एक हात फिरत राहतो, काम करतो, आन हा जागेवर राहतो, म्हणजे अंगाला भरवसा येतो.

तुला आठवतं, आण्णा पोती वाहून घरी आले की पालथे पडायचे आन मला म्हणायचे पाठ तुडव. मी भिंतीला धरून पाय द्यायचो, बरोबर जागेवर पाय पडला की त्यांच्या तोंडातून लांब श्वास निघायचा, "हांऽऽ, तिथंच, थांब जरा." त्या गादीवर तोच आवाज माझ्या तोंडातून निघाला. मग मला रडू आलं ते थांबेचना. अरे, आण्णांच्या तेराव्यापर्यंत मी मंडप, पाव्हणे, आचारी हेच बघत होतो, डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. ताईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही, गप बसल्या, हात मात्र कमरेवरून काढला नाही.

ही विद्या कशी सुरू झाली ते पण आपल्या घरातल्यासारखंच आहे. तोकुजिरो नामिकोशी म्हणून होते, जन्म 1905 चा, 7 वर्षांचे असताना घरचे सगळे जपानच्या उत्तरेला होक्काइदोच्या थंडीत राहायला गेले, आईचे सांधे धरले, जवळपास डॉक्टर नाही, तर हा पोरगा अंगठ्यानं आन तळव्यानं दाबत बसायचा, त्यातून त्याला कळत गेलं. पुढं 1940 ला टोकियोत शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकवणारे मासुनागा मानसशास्त्र शिकलेले होते, त्यांनी मनाची बाजू धरली. अंगातल्या ऊर्जेच्या वाटा वगैरे ते मानतात, त्या कुठल्या ऑपरेशनात दिसत नाहीत, आन मोठे आजार ह्यानं बरे होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. पण आखडलेलं अंग ढिलं पडतं, श्वास खाली पोटापर्यंत जातो, झोप लागते, हे मी स्वतः भोगलंय. खांदा सुटायला दोन-अडीच महिने लागले, सोबत व्यायाम पण होता. झोप मात्र पहिल्याच रात्री लागली.

मी तिकडं येईपर्यंत एक कर. वहिनींना सांग, तू पालथा झोप, त्यांनी एक तळहात कमरेवर ठेवायचा आन दुसऱ्यानं खांद्यापासून खाली येत, तू श्वास सोडशील तेव्हा फक्त भार टाकायचा, ढकलायचं नाही. दुखलं की तिथंच थांबायचं. पाचच मिनिटं. पण मावशींना असलं काही करू नका, त्यांची हाडं ठिसूळ झालीत, त्यांचे नुसते तळपाय हातात धरून बसलं तरी पुष्कळ. ताप असला, पायाची शीर सुजून दुखत असली, तर कुणालाच दाबायचं नाही.

आन गड्या, मनात वाईट विचार येत असतील तर दाबून काही होत नसतं, तिथं माणसाशी बोलावंच लागतं. 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आन त्याच्या आधी मला लाव, अडीच वाजता लाव, मी उचलतो.

येळवसच्या अमावास्येला मी येतोय. ह्या वर्षी रानात कडब्याची कोप घालणार नाही म्हणालास ते मला पटलं नाही, चार पेंड्या कडबा मी घेऊन येतो, आंबील वहिनी करतीलच. जेवण व्हायच्या आधी, उपाशीपोटी, तुला कोपीत पालथं झोपवणार आहे. ताईंकडून थोडं शिकून घेतलंय, एक हात ठेवायचं तरी मला जमतं. जाड सतरंजी काढून ठेव आन ढिला पायजमा घाल.

तुझाच

ता.क. ईसीजी काढला की रिपोर्टचा फोटो टाक.